पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी गोल्डफिश मरतोय, कारण कळत नाहीये

दिवेलागण

टँक २४ × १२ × १५ इंची, चौदा महिने जुना. १४ इंचांपर्यंत पाणी, खडी वजा करता साधारण ६० लिटर. चार गोल्डफिश होते: दोन रेडकॅप, एक ब्लॅक मूर, एक रायुकिन. आत बुडणारा स्पंजचा पॉवर फिल्टर चोवीस तास चालू. एअर पंप दिवसा चालू आणि रात्री आवाजामुळे बंद. दर पाच आठवड्यांनी निम्मं पाणी बदलतो. पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवतो आणि त्यात अँटीक्लोरीनचे थेंब घालतो. फिल्टरचा स्पंज त्याच दिवशी टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळतो, नळाखाली धूत नाही.

मार्चमध्ये पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी सकाळी रायुकिन मेला. एप्रिलमध्ये बदललं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ब्लॅक मूर मेला. अंगावर ठिपके नाहीत, पर फाटलेले नाहीत, पोट फुगलेलं नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ. दुकानातून निळं औषध मिळालं आहे. पीएचची पट्टी 'ठीक' दाखवते.

आता पुन्हा पाणी बदलायची वेळ झाली आहे आणि दोन रेडकॅप उरलेत. बदलू की नको?

शेवाळ

आज बदलू नका. खाणं बंद करा, दोन-चार दिवस उपाशी राहिल्याने गोल्डफिशला काही होत नाही. एअर पंप रात्रीही चालू ठेवा. आवाज पंपाचा असेल तर त्याखाली जाड स्पंज ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

निळं औषध अजिबात घालू नका. ते मेथिलीन ब्लू असतं. अंड्यांवरची बुरशी, बाहेरचे काही परजीवी यांवर ते चालतं, पण वेगळ्या भांड्यात. मुख्य टँकमध्ये घातलं तर फिल्टरमधले जिवाणू मारतं आणि मग खरा घोळ सुरू होतो.

आता मोजा. 'ठीक' हा आकडा नाही. थेंबांचं किट आणा: पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि केएच (पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवायची ताकद). टँकचं पाणी आणि पिंपातलं पाणी, दोन्ही वेगवेगळं तपासा. पिंपात आधी चोवीस तास एअर स्टोन सोडा, कारण पाणी बोअरचं असेल तर ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे पीएच खोटा कमी दिसतो आणि हवा मिळाल्यावर वर चढतो.

एपीआय कंपनीचं किट घेतलंत तर नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, दोन्ही थेंब पडल्यावर नळी एक मिनिट हलवा. हे केलं नाही तर नायट्रेट हमखास कमी दिसतं, कारण त्या बाटलीतला घटक तळाशी बसतो. अमोनियाला दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. पिवळ्या बल्बखाली ०.५ आणि १ मधला फरक कळत नाही.

खाडीकाठ

आधी क्लोरीन बघून घ्यावं. सोसायटीची टाकी धुऊन त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नेहमीच्या कितीतरी पट असतो, आणि दुकानातल्या बाटलीवरचे 'दहा थेंब' त्याला पुरत नाहीत. गावोगावी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, ते द्रावण मिळालं तर पिंपातल्या पाण्यात दोन थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

अँटीक्लोरीन म्हणजे बहुतेक वेळा हायपोच, सोडियम थायोसल्फेट. १ मिलिग्रॅम क्लोरीनला त्याचे ७ मिलिग्रॅम स्फटिक लागतात. १०० ग्रॅम स्फटिक १ लिटर पाण्यात विरघळवले की १ मि.ली.मध्ये १०० मिलिग्रॅम येतात. ३० लिटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ४२० मिलिग्रॅम लागतील, म्हणजे सव्वाचार मि.ली. थोडं जास्त पडलं तरी चालतं, कमी पडलं तर चालत नाही.

मोजमाप

हिशोब बरोबर आहे, पण लक्षणं क्लोरीनची दिसत नाहीत. क्लोरीन थेट कल्ले जाळतो. पाणी घातल्यापासून काही मिनिटांत ते फार तर काही तासांत सगळेच मासे धडपडतात, उड्या मारतात, वर येऊन तोंड मारतात. इथे संध्याकाळ आणि रात्र निघून गेली, सकाळी एकच मेला, बाकीचे राहिले. शिवाय पिंप एक दिवस भरून ठेवलेलं होतं.

दिवेलागण, एक विचारायचं राहिलं. मार्चच्या आधीही असंच निम्मं पाणी बदलत होतात ना? तेव्हा कोणी मेलं नाही. मार्चपासून पाणी कुठून येतंय?

थेंबथेंब

घरात त्या दिवसांत झुरळांचा किंवा डासांचा स्प्रे मारला होता का, तेही सांगा. स्प्रेमधलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माशांना अत्यंत विषारी, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. फवारणी असेल तेव्हा पंप दुसऱ्या खोलीत ठेवायचा किंवा बंद करून टँक ओल्या चादरीने झाकायचा.

दिवेलागण

फवारणी नाही. टाकी धुतलेली नाही. ओटी टेस्टमध्ये पिंपातलं पाणी रंगहीन.

पाण्याचं विचारलंत ते बरोबर निघालं. फेब्रुवारीपर्यंत धरणाचं पाणी होतं, मार्चपासून टँकर, म्हणजे बोअरचं.

टँक: पीएच ६.०, अमोनिया ४, नायट्राइट ०, नायट्रेट ८० आणि १६०च्या मधला रंग. केएचच्या नळीत पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं, निळं झालंच नाही. तापमान २६.

पिंप: साध्या पीएच किटवर रंग वरच्या टोकाला गेला म्हणून हाय रेंज वापरलं, ८.२. केएच १४ थेंब. अमोनिया ०.

मोजमाप

सापडलं. तुमचे मासे पाणी बदलल्यामुळे मरतायत हे खरं, पण ज्या पाण्यात ते पाच आठवडे राहिले त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

किटवरचा अमोनियाचा आकडा एकूण अमोनियाचा असतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मारतो. किती कुठल्या रूपात, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २६ अंशांला पीएच ६वर मुक्त अमोनिया एकूणच्या ०.०६ टक्के, ७वर ०.६ टक्के, ७.५वर पावणेदोन-दोन टक्के, ७.८वर साडेतीनच्या पुढे आणि ८वर साधारण ५.७ टक्के. पीएच एक अंकाने वाढला की जवळपास दहापट.

आता तुमचा टँक घ्या. आज एकूण ४, पीएच ६, म्हणजे मुक्त अमोनिया ०.००२४. त्यामुळे मासे पोहतायत, खातायत, सगळं छान दिसतंय. निम्मं पाणी काढून ८.२चं ओतलं की एकूण अमोनिया २वर येतो, पण पीएच ७.८च्या आसपास जातो. मुक्त अमोनिया ०.०७. अमोनिया निम्मा झाला आणि विष तीसपट वाढलं. ०.०२च्या वर गेलं की कल्ल्यांना इजा सुरू होते, असं धरून चालायचं.

सकाळचं गणितही यात बसतं. रात्री एअर पंप बंद, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचून पीएच थोडा दबलेला राहतो. सकाळी पंप सुरू केला की तो वायू निघून जातो आणि पीएच आणखी चढतो. ब्लॅक मूर दहाच्या सुमारास गेला ते यामुळेच असावं.

फेब्रुवारीपर्यंत का मेले नाहीत? धरणाचं पाणी मृदू. ते निम्मं घातलं तरी पीएच साडेसहाच्या जरासा वर जात असेल. टँक तेव्हाही आजारीच होता, फक्त अमोनियमचा मुक्त अमोनिया करणारं पाणी अजून आलं नव्हतं.

थेंबथेंब

एक शंका. एप्रिलमध्ये केएच १४चं पाणी निम्मं घातलं, म्हणजे टँकचा केएच सातच्या वर गेला असणार. पाच आठवड्यांत तो शून्यावर कसा आला? सात केएच म्हणजे काही थोडका नाही.

मोजमाप

चांगली शंका. दिवेलागण, दिवसाचं खाणं वजन करून सांगाल का? सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला चालेल. दहा दिवसांचं खाणं एकत्र मोजा आणि दहाने भागा.

दिवेलागण

दहा दिवसांचं १२ ग्रॅम. दोन्ही वेळचं मिळून दिवसाला १.२ ग्रॅम. पाकिटावर प्रथिनं ४० टक्के. चार मासे होते तेव्हाही तेवढंच, दोन राहिले तरी तेवढंच घालतोय.

मोजमाप

मग बघा. १.२ ग्रॅममध्ये प्रथिनं ०.४८ ग्रॅम, त्यात नायट्रोजन १६ टक्के, म्हणजे ७७ मिलिग्रॅम. त्यातला साठेक टक्के माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो असं धरू: ४६ मिलिग्रॅम. ६० लिटरमध्ये लिटरमागे दिवसाला ०.७७.

फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. म्हणजे दिवसाला साडेपाच मिलिग्रॅम. साडेसात केएच म्हणजे लिटरमागे १३४ मिलिग्रॅम क्षारता. १३४ला साडेपाचने भागलं की चोवीस दिवस.

चोवीस दिवसांत केएच संपला, पीएच कोसळला. साडेसहाच्या खाली हे जिवाणू मंदावतात, सहाला जवळजवळ थांबतात. पुढचे दहा-अकरा दिवस अमोनिया साचत गेला आणि ४वर आला. नायट्रेटचा ८० ते १६०चा आकडाही या हिशोबाशी जुळतो.

फिल्टर बिघडला नव्हता, त्याला लागणारा कच्चा माल संपला होता.

खाडीकाठ

मग सोपं आहे. दोन चमचे खायचा सोडा घाला, पीएच आजच वर येईल.

शेवाळ

कृपया असं करू नका, आणि हा धागा वाचणाऱ्या कोणीही करू नका. टँकमध्ये अमोनिया ४ असताना सोडा घातला तर टँकरच्या पाण्याने जे झालं तेच होईल, आणि तेव्हा अमोनिया निम्मा तरी होत होता, इथे पूर्ण ४ राहील. पीएच ८ला ४ म्हणजे मुक्त अमोनिया ०.२३. दोन्ही रेडकॅप जातील.

क्रम महत्त्वाचा आहे: पीएच खाली असतानाच अमोनिया काढायचा, आणि तो गेल्यावर पीएच वर आणायचा.

त्यासाठी मृदू पाणी हवं. घरी आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी घ्या. नळीतून वाहून जाणारं टाकाऊ पाणी नको, त्यात सगळे क्षार दाटलेले असतात. आरओ नसेल तर वीस लिटरचे जार चालतील, पण आधी केएच तपासून.

रोज १२ लिटर काढा. काढताना सायफनची नळी खडीत खुपसून तळाचा गाळ ओढा, एका दिवशी एकाच कोपऱ्यातला. सगळी खडी एकदम ढवळली तर साठलेली घाण पाण्यात येते. बदली १० लिटर आरओ आणि २ लिटर पिंपातलं, मग्ग्याने अर्ध्या तासात घाला. तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे. अशाने केएच रोज अर्ध्या अंकाने वाढेल आणि अमोनिया रोज एक पंचमांश कमी होईल: ४, ३.२, २.६, २, १.६. मासे उपाशी असले तरी कल्ल्यांतून थोडा अमोनिया बाहेर टाकतच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात जरा हळू उतरेल.

रोज पाणी घातल्यावर दोन तासांनी पीएच आणि अमोनिया मोजा. मोजमाप यांनी दिलेल्या टक्क्याने गुणा. उत्तर ०.०२च्या खाली असेल तर पुढे जा, वर गेलं तर त्या दिवशीचं पिंपाचं पाणी कमी करा.

अमोनिया ०.५च्या खाली आला की निम्मं आरओ निम्मं पिंप. ०.२५च्या खाली आला की नुसतं पिंपाचंही चालेल, पण एका वेळी १२ लिटरच.

थेंबथेंब

यात एक खड्डा आहे, आधीच सांगते. केएच परत आला की अमोनिया खाणारे जिवाणू जागे होतात, नायट्राइट खाणारे थोडे मागे राहतात. चौथ्या-पाचव्या दिवशी नायट्राइट दिसू शकतं. ते रक्तात शिरून कल्ले तपकिरी करतं आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो.

आधीच लिटरमागे १ ग्रॅम मीठ करून ठेवा. ६० लिटरला ६० ग्रॅम खडे मीठ, तीन वाटे करून, बारा-बारा तासांनी, मग्गाभर पाण्यात पूर्ण विरघळवून. कोरडे खडे टँकमध्ये टाकू नका, गोल्डफिश तोंडात घेतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांत शिरू देत नाही, एवढाच त्याचा उपयोग. अमोनियावर मीठ काही करत नाही. रोज १२ लिटर काढलंत की सोबत मीठही जातं, त्यामुळे नव्या पाण्यात १२ ग्रॅम घाला. टँकमध्ये जिवंत झाडं असतील तर काही कोमेजतील.

आणि कल्ल्यांचा रंग बघायचा तर जिवंत माशाचा, तो झाकण उघडतो तेव्हा बाजूने टॉर्च धरून. मेल्यावर काही तासांनी कल्ले फिके पडतातच, त्यावरून काही ठरवता येत नाही.

दिवेलागण

सहावा दिवस. पीएच ६.८, अमोनिया १, केएच ३ थेंब, नायट्राइट ०.२५. मीठ घातलेलं आहे. दोन्ही रेडकॅप ठीक, एक काल पर मिटून तळाशी बसला होता, आज फिरतोय. फिल्टरचा स्पंज पिळू का? प्रवाह कमी झालाय.

शेवाळ

आता नको. नायट्राइट शून्य होऊन आठवडा जाऊ द्या. प्रवाह फारच कमी असेल तर फक्त पुढची जाळी ब्रशने साफ करा. आणि पाण्याचा फवारा पृष्ठभागाला लागेल इतका फिल्टर वर घ्या. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच मावतो, २० अंशांला नऊच्या वर. मे महिन्यात पाण्याची हालचाल फार महत्त्वाची.

दोन्ही मासे आता खायला मागत असतील तर एका दिवसाआड, मिनिटभरात संपेल इतकंच. मोजून ०.३ ग्रॅम.

दिवेलागण

तेरावा दिवस. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, पीएच ७.६, केएच ६. इथून पुढे किती दिवसांनी बदलायचं? आणि पावसाळ्यात टँकर बंद होऊन धरणाचं पाणी आलं की?

मोजमाप

दोन माशांना ०.६ ग्रॅम खाणं धरलं तर केएच दिवसाला पावणेतीन मिलिग्रॅम खर्च होईल, म्हणजे आठवड्याला १च्या जरा वर. दर आठवड्याला १५ लिटर बदला. मोठा बदल वर्षभर करू नका, कारण पाणी कुठलं येईल ते तुमच्या हातात नाही.

टँकर बंद झाल्याचं कळलं की पिंपाचा केएच मोजा. २ निघाला तर नव्या पाण्यातच सोडा घाला, टँकमध्ये नाही. १ केएच वाढवायला लिटरमागे ३० मिलिग्रॅम. १५ लिटरचा केएच २वरून ६ करायला १.८ ग्रॅम, पोहे खायच्या चमच्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा. बेकिंग पावडर नको, खायचा सोडाच. खाडीकाठ यांचा सोडा इथे उपयोगी पडतो.

आणि नवे मासे आणू नका. ६० लिटरला दोन रेडकॅप हीच मर्यादा आहे. ते हातभर नसले तरी मुठीएवढे होतात.

खाडीकाठ

माझा सल्ला घाईचा होता, शेवाळ यांनी लगेच थांबवलं ते फार बरं झालं. सोड्याच्या जोडीला शिंपल्याचा चुरा ठेवा. समुद्रावरचे तिसऱ्यांचे शिंपले उकळून, वाळवून, जाडसर फोडून दोन मुठी जाळीच्या पिशवीत. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते हळूहळू विरघळतात, पीएच वर असेल तेव्हा जवळजवळ नुसते पडून राहतात, त्यामुळे जास्त झाले तरी धोका नाही. आठवड्याचं मोजमाप मात्र सोडू नका.

दिवेलागण

पिशवी खडीत पुरू की फिल्टरजवळ ठेवू?

खाडीकाठ

फिल्टरच्या फवाऱ्यासमोर टांगा. खडीत पुरलीत तर पाणी फिरत नाही आणि चुऱ्यावर गाळ बसतो. महिन्यातून एकदा काढून बादलीत खळबळून घ्या. बोटाला बुळबुळीत लागला तर ब्रशने घासा, कारण थर चढला की शिंपला विरघळायचा थांबतो.